गळती, गच्चीचे कुलूप, मेंटेनन्स आणि शेजारचे बांधकाम: नागपूरच्या एका फ्लॅटधारकाच्या चार प्रश्नांना उत्तर

त्रिमूर्ती नगरातील बारा फ्लॅटच्या, सुमारे पंधरा वर्षे जुन्या इमारतीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी चार प्रश्न एकत्र विचारले आहेत. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून त्यांच्या छताला ओल येते आणि वरचे मालक प्लंबरला आत येऊ देत नाहीत. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या मालकांनी ‘बिल्डरने गच्ची मला विकली’ असे सांगून गच्चीला कुलूप लावले आहे. तीन खोल्यांच्या फ्लॅटकडून जास्त मेंटेनन्स घ्यावा की सर्वांकडून सारखा, यावर सभेत भांडण झाले असून दोन फ्लॅटधारकांनी पैसे देणेच बंद केले आहे. शेवटी, शेजारच्या प्लॉटवर त्यांच्या कंपाउंड भिंतीला अगदी लागून बांधकाम उभे राहत आहे. या तक्रारींबाबत त्यांनी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे ‘सोसायटीच्या’ वतीने अर्ज केला होता. तो ‘आपली संस्था नोंदणीकृत नाही’ या शेऱ्यासह परत आला. आता जावे कुठे, असा त्यांचा प्रश्न आहे.

तो परत आलेला अर्ज मी आधी हाताळतो, कारण उरलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांची उत्तरे त्यातच आहेत. मुंबईत फ्लॅट म्हटला की सहकारी गृहनिर्माण संस्था, शेअर सर्टिफिकेट आणि सहकार न्यायालय हे गृहीत धरता येते. नागपुरात तसे धरून चालत नाही. इथल्या बहुसंख्य मध्यम आकाराच्या इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० याखाली उभ्या आहेत. बिल्डरने दुय्यम निबंधकाकडे डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे घोषणापत्र, नोंदवलेले असते आणि प्रत्येक खरेदीदाराला अपार्टमेंट डीड करून दिलेले असते. फ्लॅटची मालकी थेट आपल्या नावावर, आणि जमीन व सामायिक भाग यांत ठरावीक टक्के अविभाज्य हिस्सा, अशी ही रचना आहे. सहकारी संस्थेत इमारत संस्थेची असते आणि सभासदाकडे शेअर्स व वापराचा हक्क असतो. नावाच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, वाद कोणत्या कायद्याने सुटणार हे या कागदांवरूनच ठरते. तिसराही एक प्रकार इथे सर्रास आढळतो: घोषणापत्रही नाही, संस्थाही नाही, नुसती फ्लॅटची आणि जमिनीतल्या अविभाज्य हिश्श्याची रजिस्ट्री. अशा इमारतीतील मालक कायद्याच्या दृष्टीने सहमालक असतात, त्यांच्यावर लागू होणारे उपनियम अस्तित्वातच नसतात, आणि अशांनी महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अधिनियम, १९६३ (मोफा) याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने करून न दिलेले हस्तांतरण अधिकाऱ्याच्या आदेशाने करून घेण्याचा) मार्ग आधी तपासावा.

म्हणून पहिले काम असे की, आपल्या रजिस्ट्रीत घोषणापत्राचा दस्त क्रमांक व तारीख दिलेली असते, ती घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयातून घोषणापत्राची प्रमाणित प्रत, त्याला जोडलेले नकाशे आणि उपनियम यांसह काढावी. हा कागद पाहिल्याशिवाय गच्ची, पार्किंग किंवा मेंटेनन्स यांवर मत देणारा वकील अंदाजाने बोलत असतो. आपल्या पत्रातील वर्णनावरून आपली इमारत अपार्टमेंट कायद्याखालची दिसते आणि पुढचे उत्तर मी ते गृहीत धरून देतो. या कायद्यात असोसिएशन म्हणजे घोषणापत्र व उपनियमांनुसार एकत्रितपणे वागणारे सर्व अपार्टमेंटधारक. त्यासाठी सहकार खात्याकडे निराळी संस्था नोंदवावी लागत नाही. मात्र सभा कधी भरलीच नाही, व्यवस्थापक मंडळ निवडलेच नाही, बँकेत खाते नाही आणि हिशेब कोणा एकाच्या वहीत आहे, अशी अवस्था अनेक इमारतींत असते. ती आधी सुधारावी: उपनियमांत सांगितलेल्या मुदतीची लेखी सूचना देऊन सभा घ्यावी, मंडळ निवडावे, इतिवृत्त लिहून सह्या घ्याव्यात. अपार्टमेंट कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीने सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करण्याची आणि त्यांच्या आदेशाविरुद्ध सहकार न्यायालयात जाण्याची सोय झालेली आहे. आपला अर्ज परत आला तो कार्यालय चुकीचे होते म्हणून नव्हे, तर तो सहकार कायद्याखाली, अस्तित्वात नसलेल्या संस्थेच्या नावाने केला होता म्हणून. तोच अर्ज अपार्टमेंट कायद्याखाली, असोसिएशनच्या किंवा स्वतः अपार्टमेंटधारकाच्या नावाने, घोषणापत्राची प्रत जोडून करता येतो.

आता गळती. या विषयावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण गळतीच्या वादात माणसे कायद्याने कमी आणि पुराव्याने जास्त हरतात. न्यायालयासमोर प्रश्न एकच असतो: पाणी कुठून येते? वरच्या फ्लॅटच्या आतल्या नळजोडणीतून, नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून किंवा फरशीखालून पाणी येत असेल, तर दुरुस्तीची जबाबदारी त्या मालकाची. डक्टमधल्या सामायिक पाइपातून, बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत असेल, तर जबाबदारी असोसिएशनची, आणि खर्च सर्वांचा. नागपुरात यात आणखी एक गुन्हेगार असतो, तो म्हणजे कूलर. मार्चअखेरपासून बाल्कनीत ठेवलेला डेझर्ट कूलर दिवसभर पाणी सांडत असतो, आणि ते खालच्या स्लॅबमध्ये मुरते. म्हणून मी अशिलाला पहिला प्रश्न हाच विचारतो की ओल कोणत्या महिन्यात दिसते. एप्रिलमध्ये सुरू होऊन पाऊस लागल्यावर थांबणारी ओल बहुधा कूलरची असते, पावसाळ्यातच दिसणारी गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची असते, आणि बारा महिने सारखी राहणारी ओल वरच्या बाथरूमची किंवा पाइपाची असते. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण तज्ज्ञाला कुठे पाहायचे ते सांगण्यापुरता तो उपयोगी पडतो.

खरा पुरावा म्हणजे परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल. बाथरूमचे निचरे बंद करून फरशीवर रंग मिसळलेले पाणी साठवायचे आणि खाली काय दिसते ते पाहायचे, ही साधी चाचणी पुष्कळदा निर्णायक ठरते. अडचण अशी की त्यासाठी वरच्या फ्लॅटमध्ये जावे लागते, आणि तिथेच दार बंद होते. अपार्टमेंट कायद्याने सामायिक भागांच्या देखभालीसाठी, तसेच सामायिक भागाचे किंवा इतर अपार्टमेंटचे नुकसान टाळण्याच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी, वाजवी वेळी कोणत्याही अपार्टमेंटमध्ये प्रवेश करण्याचा हक्क असोसिएशनला दिलेला आहे आणि तो रद्द न होणारा आहे. हा हक्क असोसिएशनचा आहे, खालच्या मालकाचा व्यक्तिगत नाही. म्हणून नोटीस मंडळाच्या ठरावाने, सचिवांच्या सहीने, दिवस व वेळ नमूद करून द्यावी. दार फोडून आत जाण्याची परवानगी हा हक्क देत नाही, हेही स्पष्ट सांगतो. नकार मिळाला तर तो लेखी नोंदवावा. तोच पुढे उपयोगी पडतो.

यानंतरही काम अडले तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार किंवा नागपूरच्या दिवाणी न्यायालयात दावा, असे दोन मार्ग आहेत. दाव्यात विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३९ खाली दुरुस्ती करण्याचा आज्ञापक मनाई हुकूम (म्हणजे अमुक काम कराच, असा हुकूम) आणि नुकसानभरपाई मागता येते. दावा चालू असताना अंतरिम आज्ञापक हुकूम मात्र सहजी मिळत नाही. त्यासाठी प्रकरण साध्या प्रथमदर्शनीपेक्षा बळकट असावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच स्पष्ट केले आहे. माझ्या मते अशा दाव्यात पहिल्याच तारखेला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली न्यायालयीन आयुक्त नेमण्याचा अर्ज करणे हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल असते. आयुक्त इंजिनिअरसह दोन्ही फ्लॅट पाहतात, अहवाल येतो, आणि निम्मी प्रकरणे तिथेच तडजोडीला येतात, कारण गळतीचे मूळ कोणाच्या घरात आहे यावर मग वाद उरत नाही. मोबाइलवरचे फोटो आणि व्हिडिओ दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे. ते नसले की समोरचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेतो. आपली इमारत जुनी आहे. परंतु नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या, कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अशा वेळी वरच्या शेजाऱ्याशी भांडण्याऐवजी दोघांनी मिळून बिल्डरला नोटीस द्यावी.

गच्चीचे उत्तर तुलनेने सरळ आहे, मात्र घोषणापत्र हातात घेऊनच ते द्यावे लागते. अपार्टमेंट कायद्याच्या कलम ३ मधील व्याख्येप्रमाणे, घोषणापत्रात वेगळे काही म्हटलेले नसेल तर छत, जिने, मुख्य भिंती, अंगण, पार्किंगची जागा हे सारे सामायिक भागात येते. वेगळे म्हटलेले असू शकते: गच्चीचा एखादा भाग ‘मर्यादित सामायिक क्षेत्र’ म्हणून विशिष्ट फ्लॅटच्या वापरासाठी राखून ठेवलेला असतो. तसे असेल तर वरच्या मालकांना त्या भागाच्या वापराचा हक्क आहे. पण त्या गच्चीवर पाण्याची टाकी किंवा लिफ्टची खोली असेल, तर देखभालीसाठी जाण्याचा असोसिएशनचा हक्क तेवढ्याने संपत नाही. घोषणापत्रात गच्ची सामायिक असेल, आणि बिल्डरने नंतर शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर किंवा अगदी नोंदणीकृत दस्तानेही ती एका मालकाला ‘विकली’ असेल, तर जे सर्वांच्या मालकीचे झाले आहे ते विकण्याचा अधिकार बिल्डरकडे उरलेलाच नव्हता. सामायिक भागातील हिश्श्याची टक्केवारी सर्व मालकांच्या एकमताशिवाय बदलता येत नाही. त्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकून खोली केली असेल तर कलम ८ ही लागू होते: इमारतीच्या सुरक्षिततेला धोका आणणारे काम किंवा नवे महत्त्वाचे बांधकाम इतर सर्व मालकांच्या पूर्वसंमतीशिवाय करता येत नाही. इथे बहुमत पुरत नाही, सर्वांची संमती लागते. पार्किंगबाबतही थोडक्यात असेच. मोकळी किंवा स्टिल्टखालची जागा बिल्डरने स्वतंत्रपणे विकू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोफा कायद्याखालच्या प्रकरणात सांगितले आणि रेराने मोकळ्या पार्किंगची गणना सामायिक क्षेत्रातच केली.

एक सूचना: गच्चीवर सोलर पॅनेल बसवण्याचा विचार बहुतेक इमारतींत सुरू आहे, आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेत निवासी इमारतींच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. कुलपाचा वाद मिटवण्याआधीच एका मालकाने स्वतःच्या मीटरसाठी पॅनेल लावले, तर पुढचा वाद आजच्यापेक्षा मोठा होईल. गच्चीचा कोणता भाग कोणाला आणि कोणत्या अटीवर, याचा सभेतला लेखी ठराव आधी असावा.

मेंटेनन्सच्या प्रश्नावर सभेत दोन्ही बाजू आपापल्या नातेवाइकांच्या इमारतींचे दाखले देतात आणि दोन्ही दाखले खरे असतात, कारण दोन कायद्यांची उत्तरे वेगळी आहेत. सहकारी संस्थेत आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क सर्व फ्लॅटना समान असते, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) किमान ०.२५ टक्के धरला जातो. अपार्टमेंट कायद्याच्या कलम १० मध्ये मात्र सामायिक खर्च प्रत्येक मालकाच्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा आहे, आणि ही टक्केवारी घोषणापत्रात लिहिलेली असते. पुण्यातील एका मोठ्या संकुलाच्या प्रकरणात २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयानेही हीच भूमिका कायम ठेवली: मोठ्या फ्लॅटचा हिस्सा मोठा, म्हणून वर्गणीही जास्त. सफाई आणि वॉचमन सर्वांना सारखाच लागतो, हा मोठ्या फ्लॅटधारकांचा युक्तिवाद व्यवहाराला पटण्याजोगा आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही तो अगदीच अन्यायाचा वाटत नाही. परंतु कायद्याने वाटपाचे सूत्र ठरवून दिले असता सभेच्या बहुमताने ते बदलता येत नाही. इतकी वर्षे सर्वांनी सारखे पैसे भरले म्हणून ते सूत्र रद्दही होत नाही. तरीही मागील वर्षांचा फरक उकरून काढण्याच्या फंदात पडू नये, पुढील आर्थिक वर्षापासून टक्केवारीप्रमाणे आकारणी सुरू करावी, असा माझा सल्ला असतो.

पैसे न देणाऱ्या दोघांबाबत असोसिएशनचे बळ लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त आहे. ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही’ किंवा ‘फ्लॅट बंदच असतो’ ही सबब कायद्याला मान्य नाही; सामायिक सोयींचा वापर सोडून देऊन वर्गणीतून सुटका होत नाही. थकीत वर्गणीचा त्या अपार्टमेंटवर बोजा असतो, महापालिकेचा कर आणि आधीची गहाणे यांच्यानंतर त्याला अग्रक्रम मिळतो, आणि फ्लॅट विकला गेला तर जुन्या थकबाकीसाठी नवा खरेदीदारही विक्रेत्याबरोबर जबाबदार धरला जातो. त्यामुळे थकबाकीची लेखी मागणी दर तिमाहीला करावी, तिची पोच ठेवावी, आणि साध्या पैशांच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे हे विसरू नये. पाण्याची लाइन तोडणे, लिफ्टचे कार्ड बंद करणे, पार्किंगमध्ये गाडी अडवणे असले उपाय मात्र करू नयेत. वसुलीचा रास्त दावा असलेले मंडळ एका नळाच्या चावीमुळे प्रतिवादी होऊन बसते, आणि न्यायालयाचा पहिला हुकूम पाणी सुरू करण्याचा निघतो.

राहिला शेजारच्या प्लॉटचा प्रश्न. तो सर्वांत शेवटी विचारला असला तरी घाई याच प्रश्नाची आहे, कारण गळती आणखी चार महिने थांबू शकते, स्लॅब थांबत नाही. सर्वप्रथम त्या प्लॉटचा नकाशा महापालिकेने मंजूर केला की नागपूर सुधार प्रन्यासाने, हे पाहावे. त्रिमूर्ती नगर महापालिकेच्या लक्ष्मीनगर झोनमध्ये येते, पण शहरात अनेक ले-आउट प्रन्यासाचे किंवा गुंठेवारी अधिनियम, २००१ खाली नियमित झालेले आहेत, आणि त्यांच्या नकाशांची नस्ती प्रन्यासाकडे असू शकते. माहिती अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून मंजूर नकाशा मागावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून त्याची वाट पाहत बसू नये, संबंधित प्राधिकरणाकडे फोटोसह लेखी तक्रार त्याच दिवशी द्यावी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ व ५४ खाली अनधिकृत बांधकाम पाडण्याची आणि चालू काम थांबवण्याची नोटीस देण्याचे अधिकार त्यांना आहेत. कामावरच्या मजुरांशी किंवा ठेकेदाराशी वाद घालू नये. पोलीस ठाण्यात गेल्यास ते अदखलपात्र नोंद करून ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगतील, आणि त्यांचे ते सांगणे बहुतांशी बरोबर असेल.

शेजाऱ्याला तक्रारीचा हक्क आहे का, असा आक्षेप समोरून हमखास येतो. उडुपी येथील एका चित्रपटगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच म्हटले आहे की नगररचना योजनेविरुद्ध होणाऱ्या बांधकामाने परिसरातील रहिवाशाच्या हक्काला बाधा येते आणि तो दाद मागू शकतो. त्यामुळे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, सोडलेले नाही, या मुद्द्यावर आपली बाजू भक्कम आहे. ‘आमचा उजेड आणि वारा अडला’ हा मुद्दा त्यामानाने कच्चा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार उजेड-वाऱ्याचा हक्क सिद्ध करायला २० वर्षांचा अखंड उपभोग लागतो, आणि आपली इमारतच पंधरा वर्षांची आहे.

बांधकाम आपल्या हद्दीत घुसले आहे असा संशय असेल, तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. टेपने घरी घेतलेले माप न्यायालयात टिकत नाही. मनाई हुकमाचा दावा शेजाऱ्याविरुद्ध लगेच करता येतो. महापालिकेलाही प्रतिवादी करायचे असल्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते, म्हणून ती नोटीस तक्रारीबरोबरच पाठवून ठेवावी. दाव्याला उशीर झाला आणि इमारत दोन मजले वर गेली, तर ‘सारे डोळ्यांदेखत होऊ दिले’ हा बचाव शेजाऱ्याला मिळतो आणि न्यायालये अशा वेळी पाडण्याऐवजी भरपाईकडे झुकतात. वकिलाचा खर्च अडचणीचा वाटत असेल, तर सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच तडजोडीसाठी अर्ज, देता येते. लोक अदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो आणि त्यावर अपील नसते. गळती आणि मेंटेनन्स या दोन वादांसाठी मी आपल्याला हाच मार्ग आधी सुचवेन; शेजारच्या बांधकामासाठी मात्र नाही, कारण तिथे तडजोडीच्या तारखा पडत असताना सेंट्रिंग लागत राहते.